शेपटीचा पत्रा

माझ्या कामाचा नमुना दाखवा, असं कुणी म्हटलं तर माझी पंचाईत होते. सुतार खुर्ची दाखवतो, गवंडी भिंत दाखवतो. मी एखादी गाडी दाखवली तर समोरचा तिच्याभोवती दोन चकरा मारून विचारतो, यात तुम्ही केलं काय? त्यानं तसं विचारलं की मी मनातल्या मनात खूश होतो. यवतमाळात दारव्हा रोडला माझं डेंटिंगचं दुकान होतं. ठोकर लागलेल्या, पलटी खाल्लेल्या, बैलानं शिंग मारलेल्या गाड्या तिथं यायच्या आणि काही झालंच नव्हतं अशा होऊन जायच्या. चाळीस वर्षं मी हेच केलं. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून दुकान आवरलं. घरामागं एक शेड टाकली आहे, तिथं मनाला येईल तेवढंच काम घेतो.

पत्रा आमच्या घरात वडिलांपासून आहे. धम्म घेतल्यावर आजोबांनी गावकीची कामं सोडली, पण पोट काही सोडता येत नाही. मग वडील कुणाकडून तरी पत्रा कापायला आणि ठोकायला शिकले. नेरच्या बाजारात ते लग्नातल्या पेट्या विकायला बसत. झाकणावर लाल गुलाब रंगवायचे आणि त्या गुलाबाला देठ कधीच नसायचं. विचारलं तर म्हणायचे, "देठ काढाले टाइम लागते. बाजार तेवढा थांबत नाही." मी पेट्यांवरून गाड्यांवर आलो, एवढाच काय तो आमच्या घराण्याचा पराक्रम.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खड्डा पडला की आतून ढकलायचा आणि झालं. तसं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं. ठोकर लागते तेव्हा पत्रा नुसता आत जात नाही, तो ताणून लांब होतो. लांब झालेला पत्रा तुम्ही बाहेर ढकलला तर तो दुसरीकडं फुगतो. तिथं दाबला की तिसरीकडं फुगतो. म्हणून कडेकडेनं यावं लागतं, हलक्या हातानं, लांबलेलं सगळं पुन्हा जागच्या जागी गोळा करत. यात दिवस जातो. ज्याला दिवस घालवायचा नसतो तो खड्ड्यात पुट्टी भरतो, घासतो आणि वर रंग मारतो. पुट्टी म्हणजे आमच्या धंद्यातलं खोटं बोलणं आहे. थोडंथोडं सगळेच बोलतात. मीही बोललो आहे.

दुसरं म्हणजे डेंटरला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. ढाणकीचे एक व्यापारी होते. नवीकोरी गाडी मागं घेताना स्वतःच्याच फाटकाला घासली. ते दुपारी उन्हातान्हाचे माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मिस्त्री, घरी समजू देऊ नका, बायको गाडीले हात लावू देणार नाही." मी दार सरळ करून दिलं. महिना झाला नसेल, तीच गाडी घेऊन त्यांची बायको आली. आता दुसऱ्या बाजूचं दार. तेच फाटक. "यांना समजू देऊ नका जी, मले चालवू देणार नाहीत." तेही सरळ करून दिलं. पुढं कितीतरी वर्षं दोघंही मला दिवाळीचा फराळ पाठवायचे, वेगवेगळ्या डब्यात. हसायला येतं, पण त्यातून मला एक वाईट सवय लागली. जो गाडी घेऊन आला तोच मालक, त्यानं सांगितलं तेच खरं, बाकीच्यांना विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. या सवयीनं माझ्या हातून जे झालं ते आता सांगतो.

सुहास पुण्याचा. वय चाळिशीचं, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि जुन्या गाड्यांचं वेड. कुणाकडून तरी माझं नाव ऐकून तो दुकानात आला आणि म्हणाला, "काका, मारेगावला आमच्या घरी एक हॉट रॉड आहे." मला वाटलं, वेल्डिंगच्या रॉडबद्दल बोलतोय. त्यानं मग हसत समजावून सांगितलं. जुनी गाडी घ्यायची, तिचं सगळं अंग उतरवायचं, इंजिन आणि चौकट तेवढी ठेवायची, आणि वर हलकं, निमुळतं अंग चढवून तिला शर्यतीत पळवायची. त्याच्या काकांनी तशी गाडी केली होती. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. कुठल्याशा मोठ्या घरातून निघालेली, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी त्यांनी आणली आणि घरामागच्या शेडमध्ये तिला अल्युमिनियमच्या पत्र्याचं अंग केलं. विमानाच्या धावपट्टीवर तेव्हा शर्यती व्हायच्या, तिथं ते ती दोनदा पळवून आले. एकदा तिसरे आले. सत्ताविसाव्या वर्षी काविळीनं गेले. तेव्हापासून गाडी शेडमध्ये पडून होती.

मी मारेगावला गेलो. घर अण्णांच्या बहिणीच्या ताब्यात होतं. सुमनबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. लग्न केलं नव्हतं. सुहासचे वडील, म्हणजे मोठे भाऊ, नोकरीसाठी पुण्याला गेले ते गेलेच. बाईंनी घर धरून ठेवलं होतं. शेडमध्ये सरकीच्या पोत्यांची थप्पी होती आणि ती थप्पी बऱ्याच अंशी गाडीवरच रचलेली होती. पोती उतरवली तेव्हा खालून एक लांबट, करडी वस्तू निघाली. पुढं लांब नाक, मध्ये एकाच माणसाला बसायची जागा, मागं कैरीसारखी निमुळती होत गेलेली शेपटी. ती शेपटी पोत्यांखाली चेपली होती. तरी मी बघतच राहिलो. ज्यानं हे केलं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, हे लगेच दिसत होतं. आणि त्याचं अडलंही नव्हतं, हेही दिसत होतं.

बाईंनी आम्हाला चहा दिला. गाडी ट्रकवर चढत होती तेव्हा त्या दारात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "पत्रा पातळ हाये, मिस्त्री. जपजा."

"हाव जी, काळजी करू नका," मी म्हणालो. म्हातारी माणसं प्रत्येकच वस्तूला जपा म्हणतात, असं मला वाटलं. मी त्यांना आणखी काहीच विचारलं नाही.

दुकानात आणून मी गाडी उघडी केली. अल्युमिनियम लोखंडाला लागून वर्षानुवर्षं ओलीत राहिलं की त्याला पांढरी भुकटी सुटते आणि पत्रा आतून पोखरला जातो. शेपटीत जिथं जिथं पत्रे जोडणारी लोखंडी रिबेट होती तिथं भोकं मोठी झाली होती. वरच्या बाजूला पोत्यांच्या भारानं चिरा गेल्या होत्या. मी सुहासला फोटो पाठवले. तो म्हणाला, "काका, नवीनच करा. मला एकदम परफेक्ट हवी आहे. पुण्यात जुन्या गाड्यांची रॅली असते, तिथं उभी करायची आहे."

आता खरं सांगतो. तो पत्रा वाचवता आला असता. चिरांना आतून ठिगळं लावून, पोखरलेला भाग तेवढा बदलून, महिनाभर डोकं लावून वाचला असता. पण मला नवा करायचा होता. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेलं सरळ करत आलो होतो. पूर्ण नवं अंग करायला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं आणि माझे हात शिवशिवत होते. सुहासचा होकार म्हणजे मला निमित्तच झालं.

बारा दिवस लागले. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, ते का लपवू? अल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होतं आणि मग फाटतं. त्याला मऊ करायचं तर तापवावं लागतं, पण लोखंडासारखं ते लाल होत नाही, सरळ वितळून खाली पडतं. म्हणून आम्ही त्यावर अंगाचा साबण फासतो आणि खालून हळूहळू आच देतो. साबण काळपट झाला की थांबायचं. मग पत्रा भाकरीच्या पिठासारखं ऐकतो. बाभळीच्या ओंडक्यात मी खोलगट वाटी कोरून घेतली होती. तिच्यात पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं फुगवायचा, मग वाळूच्या पिशवीवर गोल करायचा, मग लोखंडी हातोडीनं एकेक लाट मोडायची. माझा जोडीदार किसन, पन्नाशीचा माणूस, पंचवीस वर्षांपासून माझ्याबरोबर, तो तेराव्या दिवशी शेपटीवरून हात फिरवून म्हणाला, "मधूभाऊ, याले तर रंगसुद्धा लावू नये." तेवढी शाबासकी मला पुरली.

आणि जुना पत्रा? आमच्या धंद्यात रीत आहे, काढलेला पत्रा मिस्त्रीचा. गिऱ्हाईक तो मागत नाही, मिस्त्री विचारत नाही. दुकानात ठेवला तर पायात येतो, हात कापतो. कोपऱ्यात ढीग झाला की भंगारवाल्या रशीदभाईंची हातगाडी येते आणि घेऊन जाते. शेपटीचे पाच तुकडे मी स्वतः कातरीनं कापले होते, हातगाडीवर नीट बसावेत म्हणून.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सुमनबाई आल्या. सकाळची एसटी धरून मारेगावहून एकट्याच. यवतमाळात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी राहायची, तिच्याकडं काही काम होतं, म्हणून गाडीही बघून जाते, असं म्हणाल्या. मला आनंदच झाला. मी गाडीवरचं कापड ओढलं. उन्हात ती शेपटी अशी चमकली की शेजारचा पंक्चरवालाही उठून आला.

बाई शेपटीकडं बघत उभ्या राहिल्या. मग जवळ आल्या, बसायच्या जागेच्या मागून जी पोकळी असते तिच्यातून हात घातला आणि आतल्या बाजूनं पत्रा चाचपू लागल्या. खांद्यापर्यंत हात आत. डोळे मिटलेले. मी चाळीस वर्षांत शेकडो गिऱ्हाइकं पाहिली, सगळे बाहेरून हात फिरवतात. आतून कुणीच नाही.

"मिस्त्री, हा जुना पत्रा हाये ना?" त्यांनी विचारलं.

"तोच हाये, बाई. फक्त सरळ केला," मी म्हणालो.

इतकं सहज निघालं ते माझ्या तोंडातून. गिऱ्हाइकाला जुनं वाचलं असं ऐकायला आवडतं, म्हणून आम्ही म्हणतो. शिवाय म्हातारी बाई आहे, कशाला जीवाला लावून घ्यावं, असंही वाटलं असेल. कारणं शोधली की सापडतात. मी खोटं बोललो एवढं खरं.

बाईंनी हात बाहेर काढला. पदराला पुसला. "नाई, मिस्त्री. हा आमचा नाई."

मी ओढलेल्या कापडाची घडी घालू लागलो.

"चांगला हाये, गुळगुळीत हाये," त्या म्हणाल्या. "पण आमच्यात उजव्या अंगाले आतून फोडी होत्या. अशा रांगेनं उठलेल्या, बोटाले लागत. माझ्या हातानं झालत्या. मी लोखंड नीट धरलं नाही तिथं."

त्या कोणत्या लोखंडाबद्दल बोलत होत्या हे मला तत्काळ कळलं. पत्रा एका माणसानं होत नाही. बाहेरून हातोडी मारायची तर आतून, बरोबर त्याच ठिकाणी, मुठीत मावेल असा घडीव लोखंडी ठोकळा धरून ठेवावा लागतो. आम्ही त्याला डॉली म्हणतो. हातोडी आणि डॉली यांच्यामध्ये पत्रा सापडला तरच तो बसतो. डॉली धरणाऱ्याला हातोडी दिसत नाही. आवाजावर आणि तळहातावर बसणाऱ्या हादऱ्यावर त्याला ओळखावं लागतं, पुढचा ठोका कुठं येणार ते. बाहेरच्या बाजूला हातोडीच्या खुणा घासून जातात, पण आतल्या खुणा कुणी घासत नाही. त्या राहतात.

बाई स्टुलावर बसल्या आणि बोलू लागल्या. "मी चौदा वर्षांची होती. त्या शेपटीत मोठा माणूस शिरत नव्हता. अण्णा म्हणे, सुमे, तूच पाहिजे मले. शाळेतून आली की मी आत घुसो, तो बाहेरून मारे. आमची माय ओरडे त्याले, पोरीच्या हाती लोखंड कायले देऊन राह्यला? तो ऐकेच ना. दोन उन्हाळे केलं आम्ही. एक दिवस मले झोप आलती, हात ढिला पडला, तशा त्या फोडी झाल्या. मी रडली. तो म्हणे, राहू दे, बाहेरून कोणाले दिसते? आपल्या दोघालेच माहीत." मग म्हणाल्या, "तो गेला तेव्हा त्याचे कपडे वाटले, पुस्तकं वाटली. शर्यतीतला कप मोठ्या भावानं नेला. मी काही मांगतलं नाही. मले वाटे, शेपटी हाये ना शेडमधी. कधीमधी जाऊन पोत्याखालून हात घालत होती मी."

मी सगळं कबूल केलं. नवा केला, जुना कापला, भंगारात गेला. खोटं बोललो तेही कबूल केलं. त्या मला रागावल्या नाहीत. "मीच सांगाले पाहिजे होतं," म्हणाल्या, "पण कोणी विचारलंच नाही, तर कसं सांगू?" त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या गेल्या आणि मी सायकल काढून रशीदभाईंकडं गेलो. त्यांच्या वाड्यात तारा, डबे, पंख्यांची पाती, सगळं होतं. आम्ही दोघांनी मिळून ढीग उपसला. रशीदभाई शेवटी कंबर धरून उभे राहिले. "मधूभाऊ, लोखंड पडून राहते सालभर. अल्युमिनियम थांबते का कुठं? आलं का गेलं. भट्टीत वितळलं असंल, त्याचे गंज-पातेले झाले असतील. कोणाच्या तरी घरी भात शिजून राह्यला असंल त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी मी मारेगावला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती. बाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं, मिळाला नाही. रशीदभाई जे बोलले तेही सांगितलं. बाई रडल्या. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. मी समोर बसून राहिलो. मला माझ्या हातांची लाज वाटत होती. ज्या हातांनी ती शेपटी इतकी सुंदर केली होती त्याच हातांची.

मग पदरानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आता त्याच्या हातचं काय उरलं हाये गाडीत?"

उरलं होतं. इंजिनाचं झाकण आणि बसायची जागा यांच्या मधला, ड्रायव्हरच्या पायांवरून जाणारा जो कमानदार पत्रा असतो, त्याला आम्ही काउल म्हणतो. तो अजून जुनाच होता. मधोमध चेपलेला. त्यावरही मी खडूनं फुली मारून ठेवली होती, कापायचा म्हणून. ते मी त्यांना सांगितलं.

"तो सरळ होते?"

"होते. वेळ लागंल."

"तुमच्यासाठी आतून लोखंड कोण धरते?"

"किसन धरते."

"किसनले सांगा, चार दिवस दुसरं काम कर," बाई म्हणाल्या आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

मी आधी नाही म्हणालो. या वयात मनगटाला हादरे बसतील, बोट चेचेल, काही झालं तर सुहासला काय तोंड दाखवू? त्या म्हणाल्या, सुहासले मी सांगते. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्याच संध्याकाळी सुहासचा मला फोन आला. मला वाटलं, आता हा बोलणार. पण तो म्हणाला, "काका, आत्यानं त्या गाडीला कधी हात लावला होता, हेच मला माहीत नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं." मी त्याला शेपटीबद्दल एकच गोष्ट मागितली. तू रॅलीत गाडीसमोर पाटी लावशील, तिच्यावर स्पष्ट लिही, शेपटी नवी आहे, यवतमाळात केलेली. अण्णांच्या नावावर माझं काम खपवू नकोस. त्यानं तसं लिहिलं. पाटीचा फोटो मला पाठवला. रॅलीत म्हणे कुणा जाणकारानं काउलवर हात फिरवून सांगितलं, इथं जराशी लाट राहिली आहे, पुट्टीचा पातळ हात मारला तर बेमालूम होईल. सुहासनं मला फोन करून विचारलं, काय करू? मी म्हणालो, आत्याला विचार. त्यानंतर पुट्टीचा विषय निघाला नाही.

तेव्हापासून माझ्याकडं काढलेला पत्रा भंगारात जात नाही, निदान लगेच तरी नाही. त्यावर खडूनं मालकाचं नाव लिहून भिंतीला टांगून ठेवतो आणि जो गाडी आणतो त्याला विचारतो, घरी आणखी कोण आहे? ही गाडी आधी कोण चालवायचं? लोक हसतात. एकानं तर विचारलं, मिस्त्री, सोयरीक जुळवता का? हसू देत. चाळीस वर्षांत न विचारता मी कुणाकुणाचं काय कापून टाकलं असेल, याचा हिशेब आता लागायचा नाही. ही टोचणी मी मरेपर्यंत माझ्याबरोबर राहील, आणि राहावी.

काउलच्या कामासाठी बाई चार दिवस त्या विद्यार्थिनीकडं राहिल्या होत्या. सकाळी नऊला रिक्षानं दुकानात यायच्या, साडीचा पदर खोचून, आणि सोबत आणलेला टॉवेल मांडीवर घ्यायच्या. काउल मी गाडीवरून उतरवून लाकडी घोड्यावर ठेवला होता, म्हणजे त्यांना खुर्चीत बसून खालून हात घालता यावा. सगळ्यात हलकी डॉली मी त्यांच्यासाठी काढली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली आणि उलटी फिरवून, गोल बाजू वर करून धरली. ते मला सांगावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी आमचं जमलं नाही. मी घाबरून इतकं हळू मारत होतो की पत्रा हलतच नव्हता. "भाकरी थापून राह्यले का?" त्या म्हणाल्या. मग मी जरा मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी आवाज बदलला. डॉलीवर ठोका बरोबर बसला की पत्रा खणखणीत वाजतो. चुकला की भद्द आवाज येतो. खणखणीत ठोके वाढत गेले. मध्येच हात दुखला की त्या डॉली मांडीवर ठेवायच्या, मी थांबायचो, किसन पाणी आणून द्यायचा, आणि पुन्हा सुरू. आम्ही फारसं बोलत नव्हतो. मी त्यांना बाई म्हणत होतो, त्या मला मिस्त्री म्हणत होत्या.

चौथ्या दिवशी उजवीकडची शेवटची लाट राहिली होती. बाई खुर्चीत जरा पुढं सरकल्या होत्या. डोळे मिटलेले, मान कललेली, कान पत्र्याकडं. मी मारत होतो आणि माझ्या हातोडीखाली त्यांचा हात सरकताना मला कळत होता. कधी माझ्या आधी, कधी माझ्या मागून. मध्येच एक ठोका भद्द वाजला. चूक माझी होती, मी पुढं गेलो होतो.

"अण्णा, जराक इकडं मार ना," त्या म्हणाल्या.

किसननं चमकून माझ्याकडं पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेलेच होते. मी हात थांबवला नाही. जराक इकडं मारलं.